मायच्या चटणीचा पुरावा

आमच्या गावात एक काळ असा होता की फवारणीला निघालेला गडी आधी आमच्या ओसरीवर यायचा. भाकरी त्यानं आपापली आणायची. कुणाची फडक्यात बांधलेली, कुणाची नुसतीच हातावर. माय प्रत्येकाच्या भाकरीवर एक चमचा काळपट हिरवी चटणी ठेवायची आणि ती खाल्ल्याशिवाय पाठीला पंप लावायचा नाही, असा रिवाजच पडून गेला होता. ज्याची जीभ हळदीनं पिवळी झाली त्याला औषध चढत नाही, असं लोक म्हणायचे. कुणी नव्यानं शंका काढलीच तर माझ्याकडे बोट दाखवायचे. ह्याच्याइतका फवारा साऱ्या शिवारात कुणी मारत नाही, झालं का ह्याला काही?

तर मी तो पुरावा. आणि पुराव्याला कुणी विचारत नसतं, की बाबा, तुला कसं वाटतंय.

ही नव्वदच्या सालांतली गोष्ट. आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या बाजाराचं. कापसाला अळी अशी लागायची की संध्याकाळी निरोगी दिसलेलं बोंड सकाळी पोखरलेलं असायचं. मग फवारा. फवारून अळी हटली नाही की दुसऱ्या औषधाचा फवारा, आणि तरीही हटली नाही की दोन औषधं एकत्र. विषाला आम्ही औषध म्हणतो, हा विनोद मी केलेला नाही, मी जन्मायच्या आधीपासून चालत आलेला आहे. बादलीत ते ओतायचं, काडी हाताशी नसली तर हातानंच ढवळायचं, पंपात भरायचं, आणि नोझल तुंबलं की तोंडाला लावून फुंकायचं. मी स्वतःचं रान फवारायचो आणि लोकांचंही फवारायचो. माझी चाल एकसारखी होती, ओळ सुटायची नाही, म्हणून मला बोलावणी फार.

चटणी मायनं माहेराहून आणलेली. तिचं माहेर आष्टीकडचं. तिथं म्हणे तापातून उठलेल्या माणसाच्या हातापायाला मुंग्या यायला लागल्या की तिची आई ही चटणी द्यायची. आवळकाठी, म्हणजे हिवाळ्यात चिरून वाळवलेला आवळा, शेवग्याचा सावलीत सुकवलेला पाला, जवस, कढीपत्ता, लसूण आणि हळद. हे सगळं खलबत्त्यात कुटायचं. चव अशी, की पहिला घास घेणाऱ्याचं तोंड बघायला बाकीचे थांबायचे.

सुरुवातीला ती फक्त मला द्यायची. मग भावकीतले एकदोघे मागायला लागले. पण खरा शिक्का बसला तो शेतीखात्यातला एक तरुण साहेब पारावर बोलायला आला त्या दिवशी. त्यानं सांगितलं, की आवळ्यात, हळदीत, हिरव्या पाल्यात अँटिऑक्सिडंट नावाचं काही असतं, आणि विषानं नसांना जी इजा होते ती त्यानं थोडीफार कमी होऊ शकते. झालं. सगळ्यांच्या माना बायकांच्या घोळक्यात बसलेल्या मायकडे वळल्या. कुणीतरी पळत जाऊन आमच्या घरून वाटी आणली, साहेबाला चाखायला लावली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बरं आहे, खात जा, म्हणाला. त्यापुढं तो बराच वेळ बोलला. तोंडाला फडकं बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका, गरज नसताना तर मुळीच फवारू नका. हे सगळं तो म्हणाला होता. मी ऐकलं होतं. पण तोपर्यंत लोक मायला विचारत होते की एका माणसाला किती लागते.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा चटणीचं काय एवढं. मायचं काय होतं ते सांगतो. मी लहान असताना माझा बाप साप चावून गेला. तेव्हापासून माय लग्नात भाकऱ्या थापायला पहिली आणि ओटी भरताना भिंतीला टेकून शेवटची. तिला बोलावणं यायचं ते कामाचं. तिचं मत कुणी कधी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आणि आता तिच्याहून वयानं मोठे बाप्ये अंगणात उभे राहून म्हणायचे, आधी तुमच्या हातचं खाऊ द्या. मायचा पदर कपाळावर असायचा तो हळूहळू मागं सरकला. ती ठसक्यात बोलायला लागली. एखाद्याला दमही द्यायची, काल न खाता गेलास म्हणून. मला ते बघून आत कुठंतरी फार बरं वाटायचं. माझी आई कुणीतरी झाली होती.

आणि अशात माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या.

पहिल्यांदा मी मनावर घेतलं नाही. दिवसभर ओल्या सऱ्यांतून चालतो, होणारच. मग मुंग्या गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच राहिलं नाही. पायात जाड मोजे घातल्यासारखं वाटायचं. मी लग्न सोडून जन्मात मोजे घातले नव्हते. एका दुपारी रानातून घरी आलो तर बायको उंबऱ्यात उभी. तिनं माझ्या पायांकडे बघून विचारलं, दुसरी चप्पल कुठंय? मी खाली बघितलं. एका पायात चप्पल, दुसरा चिखलानं माखलेला. ती कुठं निघून पडली ते मला कळलंच नव्हतं. बायको आधी हसली. मलाही हसू आलं. मी परत जाऊन बांधावरून चप्पल उचलून आणली.

दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा ती हसली नाही.

म्हणून मी नाडीचे बूट घेतले, ते आपोआप निघत नाहीत. तर नाडी बांधता येईना. बोटांना नाडी धरल्याचं कळायचं, पण गाठ मारताना कुठलं टोक कुठं गेलं ते कळायचं नाही. सदऱ्याच्या गुंड्यांचं तेच. मग रोज सकाळी बायको कोठीच्या दाराआड माझ्या गुंड्या लावायची, खाली बसून बूट बांधायची, आणि मी बाहेर ओसरीवर येऊन चटणी खायचो. लोक माझ्याकडे बघून खायचे.

सांगून टाका म्हणून बायको रोज माझ्या मागं लागायची. एकदा मात्र ती फार चिडून बोलली.

"आत्याबाईंच्या चटणीला बट्टा लागू न्हाई म्हणून पाय घालवून राह्यले का तुम्ही?"

मी तिला उलट काहीतरी लागेल असं बोललो. बायको खरं बोलली की माणूस लागेल असंच बोलतो. पण मनात मला दुसरं उत्तर सापडत नव्हतं. पाय बधिर झालेत असं सांगावं, तर माय खोटी पडणार, पुन्हा भिंतीला टेकून बसणार. आणि ती एकटी कुठं होती? माझ्या जिवावर अख्खं गाव फवारत होतं. न सांगावं, तर उद्या पुन्हा पंप. थकलोय म्हणून एखादा दिवस घरी बसलो, तर माय दुप्पट चटणी वाढायची. ती खाऊन मी पुन्हा उभा राहिलो की लोक म्हणायचे, बघा, चटणीनं कसा उठून बसला. मी कुठूनही निघालो तरी फिरून त्या चमच्याशीच यायचो. सगळ्या बाजूंनी दार लावून घेतल्यासारखं झालं होतं आणि दार लावणारे सगळे माझे भलं चिंतणारेच होते. रागवायचं कुणावर? मी चटणीवर रागवायचो. मीठ कमी आहे म्हणून एकदा ताट सरकवून उठलो. मायनं शांतपणे मीठ घालून पुन्हा कुटली.

हे किती दिवस चाललं असतं देव जाणे. पण कापूस वेचणीला आला त्या दिवसांत मी एकदा रानातून आलो आणि हातपाय धुवायला दगडावर बसणार, एवढ्यात माय म्हणाली, थांब. अंगणात फाटकापासून दगडापर्यंत रक्ताचे डाग पडले होते. बुटाचा तळ झिजून पातळ झाला होता, आणि बाभळीचा एक जाड काटा बूट फोडून टाचेत घुसून मोडला होता. मी त्यावर भार देऊन बांधापासून घरापर्यंत सरळ चालत आलो होतो.

मायला आधी कौतुकच वाटलं. बापावर गेलाय, म्हणाली, त्यालाबी काट्याचं काही वाटत नव्हतं. तिनं सुई आणली. मी तिच्या हाताकडे बघत होतो. सुई आत गेली की कण्हायचं, बाहेर आली की थांबायचं. अर्धा काटा निघाला. उरलेला नीट दिसेना, म्हणून तिनं मला बाजेवर पालथं झोपवलं. काटा निघाल्याचं तिनंच सांगितलं. मग आमच्याकडची रीत, काट्याच्या जागी बिब्ब्याचा चटका. दाभणाला बिब्बा टोचून दिव्यावर धरायचा आणि तेल सुटायला लागलं की जखमेवर टेकवायचा. भल्याभल्या गड्यांना दोघांनी धरून ठेवावं लागतं. माझं तोंड भिंतीकडे. मला काहीच दिसत नव्हतं. बिब्बा चरचरल्याचा आवाज आला, वास आला. मी मनाशी म्हटलं, आता. आणि जोरात ओरडलो.

मागं चरचर थांबली.

"का वरडलास?" मायनं विचारलं.

"चटका बसला म्हणून."

"बिब्बा अजून माझ्या हातात हाय."

मी भिंतीकडेच बघत राहिलो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि खरं सांगायचं तर इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं. मग दिवा फुंकल्याचा आवाज आला.

"कवापसून?" एवढंच तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती मला जालन्याला घेऊन गेली. डॉक्टर मध्यम वयाचे, बोलायला तुसडे, पण बारीक बघणारे. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची एक वात घेऊन पायाला कुठं कुठं टेकवत गेले. टेकली की सांगा. घोट्यावर मी बराबर सांगत होतो, खाली यायला लागले तसा चुकत गेलो. मधूनच ते काही न टेकवताच विचारायचे, कळलं का? एकदा तिथंही मी हो म्हणालो. माय शेजारी उभी राहून त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होती.

नोझल तोंडानं फुंकतो हे ऐकल्यावर डॉक्टरांनी हातातली वात खाली ठेवली. हे विष नसांना धरतं, लांबच्या नसांना आधी, म्हणून तळव्यांपासून सुरू होतं, असं त्यांनी समजावलं. मायनं पिशवीतून चटणीची वाटी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता हे तिला झाडणार. पण त्यांनी वास घेतला, काय काय घातलंय ते विचारलं, आणि म्हणाले की ह्यात वाईट काही नाही. आवळ्या-हळदीतल्या गुणांनी नसांची झीज कमी होते असं उंदरांवर बघितलंय म्हणतात, माणसांचं अजून छातीठोक सांगता येत नाही. खाऊ द्या त्याला. "पण काकू, चटणी एक चमचा आणि पंप पंधरा लिटरचा. तुम्हीच बघा."

माय म्हणाली, मग इतके दिवस ह्याला काही झालं नाही ते कसं? डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता उत्तर दिलं की झालं होतं, त्यानं सांगितलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. अंबड मागं पडलं तेव्हा माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, ती चिडली होती.

"मला खोटी पडू द्यायची न्हाई म्हणून तू माझ्याकडून साऱ्या गावाला खोटं सांगवलंस. हे उपकार केलेस व्हय माझ्यावर?"

पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

त्यानंतरच्या फवारणीच्या सकाळी लोक नेहमीसारखे भाकऱ्या घेऊन आले. माय ओसरीवर रिकाम्या हातांनी बसली होती. मला तिनं शेजारी बसवलं होतं, पाय पुढं पसरून. तिनं सरळ सांगून टाकलं, की ह्याच्या पायांत जीव राहिलेला नाही, माझ्या चटणीनं विष काही अडलं नाही. फवारायचंच असेल तर तोंड बांधा, हात झाका, आणि माझ्या भरवशावर जाऊ नका. एवढं बोलताना तिचा पदर पुन्हा कपाळावर आला होता.

लोक माझ्या तळव्यांकडे बघत उभे राहिले. एकानं वाताचं असेल म्हणून सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, कुणाची नजर लागली. आणि भावकीतल्या एका शहाण्यानं निकाल दिला, की ह्यानंच चटणी नीट खाल्ली नसेल. चटणी निर्दोष सुटली, पुरावाच फितूर निघाला. त्या दिवशी मला पहिल्यांदा गावाचा खरा राग आला. मग ते कोरडी भाकरी खाऊन फवारायला गेलेच. तोंड एकानंही बांधलं नव्हतं.

पुढचं आधी सांगून टाकतो. मी पंप पुन्हा पाठीला लावला नाही. रान बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलं, कुंभार पिंपळगावच्या बाजारात बियाणाच्या दुकानावर बसायला लागलो, म्हणजे विष मारणं सुटलं, विकणं सुटलं नाही. हातांची बोटं वर्षभरात बरीचशी परत आली. टाचा त्याहून उशिरा आल्या. पायाची बोटं आलीच नाहीत. पुढं अळी न लागणारं म्हणून नवं बियाणं आलं आणि काही वर्षं फवारे कमी झाले. माय असेतोवर ती चटणी माझ्या ताटात होती, भाजीसारखी, कसलाही दावा न करता. त्या चटणीनं माझ्या टाचा परत आणल्या की त्या आपोआपच येणार होत्या, मला माहीत नाही. चटणी नसती तर याहून वाईट झालं असतं का, तेही माहीत नाही. मी खात राहिलो.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती मायनं ओसरीवर सगळं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. सगळं गाव ऐकून गेलं होतं आणि ओसरी रिकामी होती. माझा धाकटा चुलतभाऊ एकटाच आला. मी पंप खाली ठेवल्यावर माझी बोलावणी त्यालाच जाणार होती. त्याचं नुकतंच लग्न झालेलं. तो मायला मोठी माय म्हणायचा. हातात भाकरी होती.

"तरी दे एक चमचा, मोठे माय."

मायनं त्याला विचारलं, काल ऐकलं नाहीस का? तो म्हणाला, सगळं ऐकलं. मग कशाला पाहिजे? तो घुटमळला, माझ्याकडे बघून कसनुसा हसला.

"मला न्हाई पायजे. घरचीनं काल दादाचं ऐकलंय, भ्यालीय. पिवळी जीभ दिसली न्हाई तर ती मला जाऊ द्यायची न्हाई. अन् अळी काही थांबून राह्यली न्हाई."

तेव्हा मला कळलं की ती चटणी इतकी वर्षं कुणाच्या पोटात जात होती. उंबऱ्यात उभ्या राहून जाऊ देणाऱ्या बायकांच्या. माझ्या मायच्याही. आम्हाला जाता यावं म्हणून ती होती.

माय उठली, आत गेली. मला वाटलं चटणी आणायला गेली, आणि मला तिचाही राग आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात वाटी होती आणि दुसऱ्या हातात कोठीतल्या ढिगातून घेतलेलं कापसाचं एक बोंड. वाटी तिनं त्याच्यासमोर ठेवली. म्हणाली, देते, पण आधी पाय दाखव. त्याला बाजेवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले. तो हसत होता. माझ्या पायांना काही झालं नाही, म्हणत होता, मी तर दोनच वर्षं झाली फवारून राह्यलो. मायनं बोंडातून चिमूटभर कापूस ओढून त्याची वात केली, डॉक्टरांनी केली तशीच, आणि खाली बसली.

मी बघत होतो. तिनं वात त्याच्या अंगठ्यावर टेकवली. मग शेजारच्या बोटावर. मग तळव्यावर आडवी फिरवली, परत अंगठ्यावर आणली आणि तिथंच धरून ठेवली. तो डोळे मिटून, मान थोडी वर करून, गुदगुल्यांची वाट बघणाऱ्या पोरासारखा हसत बसला होता.

"लाव की, मोठे माय," तो म्हणाला. "मला जल्दी हाय."

मायनं वात काढली नाही. ती तशीच धरून तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी त्याला म्हणालो, डोळे उघड.